आठ हातांची

लातूरला समुद्र आहे, असं आमच्या सरांनी एके दिवशी वर्गात सांगितलं, तेव्हा मी फिस्सकन हसले होते. मी मुखेडकडची पोर. आमच्याकडं उन्हाळ्यात एका घागरीवरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि हा माणूस समुद्राचं सांगत होता. सर रागावले नाहीत. म्हणाले, जे हसले त्यांनी उद्या घरातून समुद्रातली एक वस्तू आणायची. जे हसले नाहीत त्यांनीपण आणायची.

भूकंपाला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. लातूरचं नाव आधी त्या एका पहाटेमुळं सगळीकडं झालं, आणि मग बारावीच्या निकालांमुळं. गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. आमचा क्लास एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात भरायचा. बाकावरून उठलं की ड्रेसला तुरीचं भुसकट चिकटलेलं असायचं, त्यावरून रस्त्यातले लोक ओळखायचे की ही बायलॉजीवाली पोरं. बाकीच्या क्लासांत प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर असं घोटून घ्यायचे. आमचे सर म्हणजे वेगळंच रसायन. ते हिमायतनगरकडचे. आधी एका कॉलेजात शिकवायचे, तिथली प्रयोगशाळाही तेच बघायचे. भूकंपात तिथल्या काचेच्या सगळ्या बरण्या फुटल्या. तारामासा, कालव, ऑक्टोपस, सगळा समुद्र फरशीवर आला, असं ते सांगायचे. त्यानंतर नव्या बरण्या काही त्यांच्या नशिबी आल्या नाहीत. मग त्यांनी ही पद्धत काढली, की प्राणी आपण दाखवायचा नाही, पोरांच्या घरातून मागवायचा.

पोरं लगेच विचारायची, सर, हे पेपरात येतंय का? सर म्हणायचे, नाही येत, ऐका तरी.

मी राहायला मावशीकडं होते. माझ्या आईची थोरली बहीण. तिचं घर पक्क्या विटांचं, वर स्लॅब, पुढं लहानसं अंगण आणि अंगणात लिंबाचं झाड. काका तेलाच्या मिलमध्ये रात्रपाळीला जायचे. घर भक्कम होतं, भूकंपात त्याला साधी भेगसुद्धा पडली नव्हती. पण मावशी त्या घरात पाऊल ठेवत नव्हती.

तिची एकुलती एक लेक, माझी ताई, औशाकडच्या एका खेड्यात दिलेली. तिकडची घरं दगडाची, हातभर रुंद भिंती, वर मातीचं जड धाबं. गणपती बुडवून सगळे दमून झोपले आणि पहाटे ते घर तिच्या अंगावर आलं. मावशी तिकडून परतली ती अंगणातच बसली. तिनं उंबरा ओलांडला नाही तो नाहीच. चूल अंगणात, न्हाणी पत्र्याच्या आडोशाला, झोप लिंबाखाली बाजेवर. पाऊस आला की बाजेवर ताडपत्री. काकांनी समजावलं, शेजारणींनी समजावलं, कुणी डॉक्टर आणला, कुणी देवरुषी आणला. तिनं सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि बाजेवर जाऊन पडली.

काका मिलवर गेले की ती एकटी, म्हणून माझीही बाज तिच्या शेजारी. अंगणाला फाटक नव्हतं. पुढं रस्ता, रस्त्यावर भुसाराचे ट्रक. बाहेरच्या बल्बखाली डास मारत मारत मी अभ्यास करायची. मला काही त्याचं वाटत नव्हतं. पण बाबांना वाटलं. बाबा एसटीत कंडक्टर. एकदा ड्यूटीवरून सरळ आले, अंगणातल्या दोन बाजा बघितल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. वयात आलेली पोरगी रस्त्याच्या कडेला झोपते, हे त्यांना सहन होईना. मावशीला ते काही बोलले नाहीत. तिच्या दुःखापुढं कुणाची जीभ उचलायची नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, संक्रांतीपर्यंत बघतो. तोवर मावशी घरात गेली तर बरं, नाहीतर तुझं बोचकं उचलायचं आणि मुखेडला आर्ट्सला नाव घालायचं.

मी आदळआपट केली. तिला सांगा ना मग, मला कामून सांगून राहिले, असं फाडकन तोंडावर म्हणाले. माझं तोंड आधीपासून असंच. बाबा बसस्टँडकडं निघून गेले. त्यांचंही काय चुकलं होतं म्हणा. पण माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच. मला शिकायचं होतं, आणि माझं शिक्षण मावशीच्या एका पावलावर अडकलं होतं.

तर सरांनी समुद्र मागितला त्या संध्याकाळी मी घरभर शोधलं. काही म्हणजे काही सापडेना. शेवटी खुंटीवर लक्ष गेलं. तिथं मावशीची कवड्यांची माळ होती. मावशी आराधी, तुळजापूरच्या आईची. लग्नाच्या आधीपासून तिच्या गळ्यात ती माळ असायची. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन ती जोगवा मागायला निघायची, तेव्हा गल्लीतली पोरं तिच्या मागं मागं फिरायची. भूकंपानंतर तिनं माळ गळ्यातून काढली. काकांनी ती उचलून खुंटीला लावली. मावशीनं पुन्हा तिचं नावही काढलं नाही.

मी बाहेर येऊन भीत भीत विचारलं, माळेतली एक कवडी वर्गात नेऊ का? वाटलं, आता ही माझ्या अंगावर येणार. मावशी डाळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"आठ हात हायत त्या आईला. एका बी हातानं भिंत धरली न्हाई तिनं. ने, सगळी माळ ने."

मी एकच कवडी सोडवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर खरंच समुद्र जमला. कुणी देव्हाऱ्यातला शंख आणला होता, आईच्या तंबीसकट. कुणी बोटातलं पोवळं काढून ठेवलं. एकानं जुन्या कोटाचं शिंपल्याचं बटण तोडून आणलं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण अत्तारांच्या घरची, त्यांचं जडीबुटीचं दुकान. तिनं पांढरं, होडीच्या आकाराचं, खडूसारखं हलकं काहीतरी आणलं. दुकानात त्याला समंदरझाग म्हणायचे, आणि सगळ्यांची समजूत अशी की समुद्राचा फेस वाळला की हे तयार होतं. सर म्हणाले, हा फेस नाही, हे माकूळ नावाच्या प्राण्याच्या पाठीतलं घर आहे. त्याच्या पूर्वजांच्या अंगावर शंख होता, तो पिढ्यान्‌पिढ्या होत होत अंगाच्या आत गेला. आता तो त्याला पाण्यात तरंगायला उपयोगी पडतो. मैत्रिणीनं हे घरी जाऊन सांगितलं तर तिचे अब्बा म्हणाले म्हणे, असेल बेटी, पण गिऱ्हाइकाला झागच द्यावं लागतं. आम्ही त्यावर कितीतरी दिवस हसत होतो.

माझी कवडी सरांनी तळहातावर घेतली. म्हणाले, ही कुणी घडवलेली नाही. आत एक गोगलगाय राहायची, तिनं ती अंगातून तयार केली. तिच्या अंगाला शालीसारखी मऊ कातडी असते. ती शाल ती दोन्ही बाजूंनी बाहेर काढते, कवडीच्या पाठीवर ओढून घेते आणि घराला बाहेरून लिंपत राहते. म्हणून कवडी अशी चकाकते. मी आजवर कवडीला देवीची वस्तू म्हणून हात जोडले होते, फारतर सारीपाटात टाकली होती. तिच्या आत कुणी राहत असेल, हे आपल्या डोक्यात कधी आलं नाही, याची मला मोठी गंमत वाटली.

मला एक सवय होती. पाठ करायचं असलं की मोठ्यानं कुणालातरी सांगायचं. ऐकायला मावशीशिवाय होतं कोण? ती डाळ निवडायची, मी अमिबापासून सुरू करायची. ती कधी हूं की चूं करायची नाही. त्या संध्याकाळी मात्र तिनं कवडी माझ्या हातातून घेतली, उलटी केली, तिच्या दातेरी फटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं,

"ह्येचं घर ह्येच्या अंगावर पडत न्हाई का?"

मी प्रश्न वहीत उतरवून घेतला. उद्या विचारून सांगते, म्हणाले.

वर्गात मी तो प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग खो खो हसला. माझं डोकं असं सणकलं की मी पुढच्या बाकावरच्या पोराच्या पाठीत वही घातली. सर हसले नव्हते. त्यांनी हातातला खडू ठेवला. त्या दिवशी झुरळाची पचनसंस्था होती, ती त्यांनी बाजूला सारली आणि अख्खा तास माझ्या मावशीला दिला.

ते म्हणाले, पडत नाही, कारण ते घर त्या प्राण्याहून वेगळं नसतं. आपण दगड आणून रचतो आणि मग त्याखाली राहायला जातो. गोगलगाय तसं करत नाही. लहान असते तेव्हा घर लहान आणि पातळ, ती वाढते तसं ते वाढतं, जाड होतं. चीर गेली तर ती आतून सांधते. मग त्यांनी खिशातून एक पांढरट दगड काढला. त्यांच्या गावाकडं विहीर खोदताना काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मधोमध निघालेला. त्यात हरभऱ्याएवढ्या गोगलगाई होत्या, दगड झालेल्या. आपल्या मराठवाड्याचा हा काळा दगड म्हणजे कधीकाळी वाहिलेली आग, सर सांगत होते. आग आली, सगळं संपलं, जमीन निवली, तळं साचलं, तळ्यात गोगलगाई आल्या. पुन्हा आग आली, त्या गेल्या. पुन्हा जमीन निवली आणि कुठून कुठून पुन्हा गोगलगाई आल्या. दगड सगळ्या बाकांवरून फिरला. ज्याच्या पाठीत मी वही घातली होती, त्यानंही तो बराच वेळ हातात धरून ठेवला.

शेवटी सर म्हणाले, मावशीला हेही सांग की काहींनी घर पार सोडून दिलं. दात असलेले प्राणी आले तेव्हा ज्यांचं कवच टणक ते वाचले, हे खरं. पण एका शाखेनं ते ओझंच टाकलं, त्याच्या बदल्यात चपळ अंग घेतलं, हुशारी घेतली. आणि त्यांनी फळ्यावर ऑक्टोपस काढला. त्या दिवशी पेपराचं कुणीच विचारलं नाही.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. मावशी कान देऊन ऐकत होती. आगीचं ऐकून तिनं मान हलवली. ऑक्टोपसचं आलं तेव्हा तिचा हात सुपातच थांबला. किती हात म्हणालीस, विचारलं. मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. तिनं एकेक हात बोटानं मोजला. मग हिनं घर सोडलं म्हणतीस, असं पुन्हा विचारून खात्री केली आणि बाजेवर आडवी होत म्हणाली की हिला चालतं तर मला बी चालतं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढा समुद्र मी सायकलवरून वाहून आणला, आणि हिनं त्यातून नेमकं आपल्या सोयीचं उचललं! संक्रांत तोंडावर आलेली. दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी सरांपुढं सगळं ओकले. ताईचं, बाजेचं, बाबांचं, आर्ट्सचं. बोलता बोलता रडू आलं, त्याचाही राग आला. सर डोकं खाजवत राहिले. म्हणाले, मी काही डॉक्टर नाही बाई. पण तू तिला ऑक्टोपस अर्धाच सांगितलास.

मग त्यांनी उरलेला अर्धा सांगितला. ऑक्टोपसनं घर सोडलं, आडोसा नाही सोडला. खडकातलं बीळ शोधायचं, हातांनी दगड आणि रिकामे शिंपले ओढून बिळाच्या तोंडाशी लावायचे. आणि मादी अंडी घातल्यावर बिळाबाहेर पडत नाही. अंड्यांवर पाणी फुंकत दारातच बसून राहते. खाणंपिणं बंद. पिल्लं बाहेर पडतात आणि ती संपते. मी विचारलं, सर, हे शेवटचं मावशीला सांगू का? सर म्हणाले, सांगायचं तर सगळं सांग.

मी सगळं सांगितलं. या वेळी तिनं काहीही विचारलं नाही. उठून सूप भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडं पाठ करून झोपली. मी मनातल्या मनात बोचकं बांधायला घेतलं.

दोन-चार दिवसांनी अवकाळी पाऊस आला. दिवेलागणीला एकदम आभाळ भरून आलं आणि गारा सुरू झाल्या. ताडपत्री फाटली. माझी पुस्तकं बाजेवर होती. मी ती पोटाशी धरून पत्र्याच्या आडोशाकडं पळणार, तेवढ्यात मावशीनं माझं मनगट धरलं. तिनं मला ओढत दारापाशी नेलं आणि पाठीत हात घालून घरात ढकललं. वाटलं, आता ही मागं फिरणार. पण ती उंबऱ्यावर बसली. चौकटीच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला पाय, दोन्ही हात वर करून चौकट धरलेली.

"तू वाच. मी हाय हितं."

उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण तिला कोण सांगणार? मी आत पुस्तक उघडून बसले. एक अक्षर दिसत नव्हतं, तरी मोठ्यानं वाचत राहिले, कारण मी थांबले की ती मागं वळून बघायची. थोड्या वेळानं काका मिलवर न्यायचा डबा घ्यायला आले. बायको दारात बसलेली बघून ते गारांत तसेच उभे राहिले. सरक म्हणायची त्यांना हिंमत होईना. पार भिजल्यावर मावशीनंच पाय आखडून घेतले आणि त्यांना आत जाऊ दिलं.

त्या दिवसापासून ती दारात झोपायला लागली. अर्धी आत, अर्धी बाहेर. काका तिला ओलांडून जायचे आणि रोज कुरकुरायचे, पण ती कुरकुर ऐकून मला बरं वाटायचं. संक्रांतीला बाबा आले. माझं अंथरूण घरात बघितलं, दारातली मावशीची पथारी बघितली. मावशीनं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि अभ्यास कर नीट, एवढंच मला म्हणाले. मुखेडचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. थोडं रडले, मग नांदेडला बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं, आणि आज नांदेडलाच तोच विषय शिकवते. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहलीत, कोकणात. ओहोटीला खडकातल्या डबक्यात एक ऑक्टोपस बिळाच्या तोंडाशी दगड लावून बसलेला होता. मी सगळ्यांदेखत त्याला हात जोडले. बरोबरचे हसले. हसू दे. झुरळ बाजूला ठेवून एक अख्खा तास माझ्या मावशीला देणाऱ्या त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडणार? काका गारांत तोंड मिटून उभे राहिले, बाबांनी संक्रांतीपर्यंत वाट बघितली. माझ्या वाट्याला चांगली माणसं आली, दुसरं काय म्हणू. ती कवडी मी मावशीला परत द्यायला गेले होते, तर ठेव तुझ्यापाशी, म्हणाली. आता माझ्या टेबलावर असते. वर्गात पोरं विचारतात, मॅडम, हे पेपरात येतंय का? मी सांगते, नाही येत, ऐका तरी.

मागं नांदेडला आम्ही घर बांधलं. वास्तुशांतीला मावशीला आणलं. आता ती पार थकलेली, काका गेलेले. पण लातूरला झोपायची ती अजून दारातच. कितीदा विनवलं, दाराच्या आत एक हात सरकली नाही. म्हणून मीच तिचं अंथरूण पुढच्या दाराशी घातलं, दार अर्धं उघडं ठेवलं आणि नवऱ्याला बजावलं की कुणी तिला आत चल म्हणायचं नाही.

सकाळी उठून बघते तर दारात अंथरूण नाही आणि मावशीही नाही. तशीच अनवाणी अंगणात गेले, रस्त्यापर्यंत गेले, शेजारच्यांना विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याला उठवावं म्हणून आत वळले आणि आमच्या लेकीच्या खोलीपाशी थांबले.

मावशी तिथं होती. अगदी आतल्या खोलीत, स्लॅबखाली, माझ्या लेकीशेजारी जमिनीवर. एक हात पोरीच्या अंगावर होता. दुसऱ्या हाताचा तळवा तिनं डोक्याशी असलेल्या भिंतीला लावून ठेवला होता. माझी चाहूल लागून तिनं डोळे उघडले.

"दारात गार लागत हुतं," म्हणाली.

मी बरं म्हणाले. तिनं पुन्हा डोळे मिटले. भिंतीवरचा हात मात्र तिनं काढला नाही.